‘१० पैकी ३’ की ‘३ पैकी १०’? ओपन सोर्स सॉफ्टवेअर मराठीत आणताना

छपाईच्या खिडकीत ‘३ पैकी १० पाने’ असे दिसले, तर अनुवाद करणाऱ्याने इंग्रजी शब्दांच्या जागी मराठी शब्द ठेवले आणि वाक्य फिरवायचे राहून गेले, हे लगेच कळते. सॉफ्टवेअर ओपन सोर्स असेल तर ही चूक कोणालाही दुरुस्त करता येते. त्यासाठी प्रोग्रामिंग यावे लागत नाही. मराठी व्याकरण मात्र लागते, आणि ते शाळेत लागले होते त्याहून थोडे जास्तच.

दुरुस्तीचा प्रवास

ओपन सोर्स म्हणजे नुसते फुकट नव्हे. एमआयटी, अपाची, जीपीएल यांसारखा परवाना असल्यामुळे मूळ कोड वाचण्याची, बदलण्याची आणि बदललेली प्रत वाटण्याची मुभा सगळ्यांना असते. तुमच्या प्रतीत तुम्ही काहीही करा. मूळ प्रकल्पात तो बदल घ्यायचा की नाही, हे तिथले मेंटेनर (प्रकल्प सांभाळणारे) ठरवतात. या मूळ प्रकल्पाला अपस्ट्रीम म्हणतात. डेबियन, फेडोरा, उबंटू यांसारखी लिनक्सची वितरणे (तयार संच) तिथूनच सॉफ्टवेअर उचलतात. म्हणून चूक उबंटूवर दिसली तरी शक्यतो अपस्ट्रीमलाच दुरुस्त करावी. नाहीतर पुढच्या आवृत्तीत ती परत उगवते.

अनुवादालाही त्या प्रकल्पाचाच परवाना लागू होतो. त्यामुळे एखाद्या कंपनीच्या बंदिस्त सॉफ्टवेअरमधली मराठी वाक्ये उचलून इथे डकवता येत नाहीत. मशीनने केलेले भाषांतर न तपासता भरणेही चालत नाही. तपासणाऱ्याला ते दुसऱ्या-तिसऱ्या ओळीतच ओळखू येते.

प्रत्येक प्रकल्पाचे काम वेगळ्या ठिकाणी चालते. लिबरऑफिसचा अनुवाद वेबलेटवर होतो, फायरफॉक्सचा पाँटूनवर, ग्नोम या लिनक्स डेस्कटॉपचा ‘डॅम्ड लाइज’ असे खट्याळ नाव असलेल्या संकेतस्थळावर, तर वर्डप्रेसचा त्याच्या स्वतःच्या ग्लॉटप्रेसवर. लहान प्रकल्पांच्या फाइली बहुधा थेट गिटहब किंवा गिटलॅब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळांवर असतात. सुरुवातीला ‘रीडमी’ आणि ‘काँट्रिब्युटिंग’ या दोन फाइली वाचा. प्रकल्प वेबलेट वापरत असेल तर गिटहबवर वेगळी पुल रिक्वेस्ट (बदल घेण्याची विनंती) पाठवू नका. दोन्हीकडून एकच फाइल बदलली गेली की ते बदल एकत्र (मर्ज) करताना संघर्ष होतो आणि तो निस्तरण्यात मेंटेनरची संध्याकाळ जाते.

पहिल्या खेपेला ३०-४० स्ट्रिंग (पडद्यावर दिसणारे मजकुराचे तुकडे) पुरे. त्याआधी मराठी संघाने कोणते शब्द ठरवले आहेत ते पाहा. एकाच मेनूत एकीकडे ‘जतन करा’ आणि दुसरीकडे ‘साठवा’ आले तर वापरणाऱ्याला त्या दोन वेगळ्या क्रिया वाटतात. मेनूत वारंवार येणाऱ्या शब्दांची मराठी यादी फ्यूएल या प्रकल्पाने तयार केली आहे. संघाची स्वतःची यादी नसेल तेव्हा ती धरून चालावे. ‘फाइल’ला ‘धारिका’ म्हणावे का, हा वाद जुना आहे. पहिल्याच योगदानात तो उकरून काढू नये.

पीओ फाइल कशी वाचायची

बहुतेक लिनक्स सॉफ्टवेअरचा अनुवाद गेटटेक्स्ट पद्धतीच्या पीओ फाइलीत असतो. मराठीची फाइल ‘एमआर’ या भाषा-संकेताने ओळखली जाते. प्रत्येक नोंदीत दोन मुख्य ओळी असतात: ‘एमएसजीआयडी’मध्ये मूळ इंग्रजी आणि ‘एमएसजीएसटीआर’मध्ये तुमचे मराठी. एमएसजीआयडीला हात लावायचा नाही. त्यातली एक मोकळी जागा जरी बदलली तरी प्रोग्रामला ती नोंद सापडत नाही आणि पडद्यावर इंग्रजीच राहते.

हॅश चिन्हाने सुरू होणाऱ्या ओळी वगळू नका. प्रोग्रामरने अनुवादकाला दिलेली सूचना त्यातच असते. ‘एमएसजीसीटीएक्सटी’ ही ओळ शब्दाचा संदर्भ सांगते. इंग्रजीतला ‘फ्री’ किमतीबद्दल असेल तर ‘मोफत’ आणि डिस्कवरच्या जागेबद्दल असेल तर ‘मोकळी’. ‘ओपन’ बटणावर असेल तर ‘उघडा’, पण स्थिती सांगत असेल तर ‘उघडलेली’. संदर्भ दिलेला नसेल तर नोंदीतला कोड-फाइलीचा पत्ता उघडून बघा, किंवा सॉफ्टवेअर चालवून तो शब्द नेमका कुठे दिसतो ते शोधा. अंदाजाने भरू नका.

नोंदीवर ‘फझी’ अशी खूण असेल तर मूळ इंग्रजी बदलले आहे आणि जुना अनुवाद फक्त सुचवलेला आहे, असे समजावे. मराठी तपासून खूण काढली नाही, तर नेहमीच्या पद्धतीने फाइल तयार होताना ती नोंद वगळली जाते. ‘अनुवाद शंभर टक्के भरला आहे, तरी पडद्यावर इंग्रजी कसे?’ या प्रश्नाचे उत्तर बरेचदा हेच असते.

फाइलीच्या डोक्यावर अनेकवचनाचा नियम लिहिलेला असतो. मराठीला दोन रूपे लागतात: संख्या १ असेल तर पहिले, नाहीतर दुसरे. ‘१ फाइल’, ‘५ फाइली’, आणि शून्य असेल तरीही ‘० फाइली’. दुसऱ्या भाषेच्या फाइलीची नक्कल करून काम सुरू केले असेल तर तिचा नियम इथे चिकटलेला राहतो. तो आधी बदला.

ग्नोमच्या फाइलींत ‘ट्रान्सलेटर-क्रेडिट्स’ अशी एक नोंद असते. तिचे भाषांतर करायचे नसते, तिथे अनुवादकांची नावे लिहायची असतात. नाहीतर ‘विषयी’च्या खिडकीत नावांच्या जागी ‘अनुवादक-श्रेय’ एवढेच झळकते.

वाक्य मराठी करणे

खरी मेहनत इथे आहे. स्ट्रिंगमध्ये चल भाग असतात: ‘%डी’च्या जागी आकडा येतो, ‘%एस’च्या जागी नाव किंवा मजकूर. (इथे ते देवनागरीत लिहिले आहेत, फाइलीत ही अक्षरे रोमनच असतात आणि तशीच ठेवायची असतात. कळफलक मराठीवर असताना त्यांच्यामध्ये देवनागरी आकडा टंकला गेला तरी स्ट्रिंग मोडते.)

पानांचा क्रम इंग्रजीत ‘तीन ऑफ दहा’ असा येतो, मराठीत ‘१० पैकी ३’. म्हणून चल भागांना क्रमांक द्यावे लागतात: ‘%२$डी पैकी %१$डी पाने’. म्हणजे आधी दुसरा आकडा छाप, मग पहिला. क्रमांक न देता नुसते ‘%डी पैकी %डी’ लिहिले की सुरुवातीला सांगितलेली चूक होते. तपासणीचे कोणतेही साधन ती पकडू शकत नाही, कारण चिन्हांची संख्या बरोबरच असते. एका चल भागाला क्रमांक दिला तर त्या स्ट्रिंगमधल्या सगळ्यांना द्यावा लागतो.

दुसरी अडचण लिंगाची. ‘डिलीटेड %एस’ याचे मराठी काय? ‘%एस हटवला’, ‘हटवली’ की ‘हटवले’? त्या जागी फोटो येईल, फाइल येईल की चित्र, हे आधी माहीत नसते. तिसरी अडचण विभक्तीची. चल भागाला ‘चा’ किंवा ‘मध्ये’ थेट जोडता येत नाही, कारण मराठीत प्रत्ययाआधी शब्दाचे सामान्यरूप होते: ‘कागद’चे ‘कागदात’, ‘घर’चे ‘घराचा’. प्रोग्रामला हे कळत नाही. तो ‘घर चा’ असेच छापतो.

दोन्हींवर तोडगा एकच, आणि तो मराठीत आधीपासूनच रुळलेला आहे: चल भागानंतर ‘ही’ किंवा ‘या’ आणि एक जातिवाचक नाम. ‘“%एस” ही फाइल हटवली.’ ‘“%एस” या फोल्डरमध्ये जागा नाही.’ लिंग आणि सामान्यरूप दोन्ही ‘फाइल’, ‘फोल्डर’ या शब्दांवर जातात आणि नाव अवतरणात सुरक्षित राहते. वस्तू कोणती हे अजिबातच कळत नसेल, तर ‘हटवले: %एस’ असे कोरडे रूप द्यावे. सुंदर नाही, पण चुकीचेही नाही. ‘हटवण्यात आलेले आहे’ अशी सरकारी शेपूट मात्र नको. बटणावर मुळातच जागा कमी असते.

बटणांवर आज्ञार्थी आदरार्थी रूप वापरतात: ‘उघडा’, ‘रद्द करा’. मेनूच्या शीर्षकाला नाम बरे: ‘संपादन’, ‘दृश्य’. ‘आपण’ की ‘तुम्ही’ हे संघाने ठरवलेले असते, तेच पाळा.

कळफलकाच्या शॉर्टकटसाठी इंग्रजी शब्दात एक चिन्ह असते: ग्नोममध्ये अधोरेषा, केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपमध्ये अँपरसँड, लिबरऑफिसमध्ये टिल्ड. ते मराठी अक्षराआधी ठेवले तर मराठी लेआउट चालू नसलेल्याला तो शॉर्टकट दाबता येत नाही. म्हणून मराठी शब्द पूर्ण लिहून शेवटी कंसात ते चिन्ह आणि मूळ रोमन अक्षर देण्याची पद्धत आहे.

दिसायला सारखी, पण वेगळी अक्षरे

‘दुसऱ्या’ हा शब्द दोन प्रकारे टंकला जातो: नुक्त्याचा ‘ऱ’ वापरून, किंवा साध्या ‘र’ला हलंत देऊन त्यापुढे शून्य-रुंदीचा जोडक टाकून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोध घेताना एक लिहिले तर दुसरे सापडत नाही. नुक्त्याचा ‘ऱ’ वापरा. जोडक कॉपी-पेस्टमध्ये गळून पडतो आणि मग ‘दुसर्या’ उरते. ‘ॲ’चेही तसेच. २००८ च्या युनिकोड ५.१ पासून त्याला स्वतंत्र अक्षर आहे. ‘अ’ला वर चंद्र जोडून ते बनवू नका.

‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसत असतील तर तो अनुवादाचा दोष नाही. अनेक देवनागरी फाँटमध्ये दोन्ही वळणे असतात आणि मजकुराची भाषा मराठी आहे असे सांगितले तरच मराठी वळण उमटते. ती सांगितलेली नसेल तर प्रकल्पाकडे बग नोंदवा. सोबत दोन्ही वळणांचा स्क्रीनशॉट द्या. देवनागरी न वाचणाऱ्या प्रोग्रामरला शब्दांत सांगून फरक कळत नाही.

पाठवण्याआधी चालवून बघा

पोएडिट किंवा लोकलाइझ या पीओ फाइल संपादित करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल जतन करताना चुका दाखवल्या जातात. गेटटेक्स्टचे ‘एमएसजीएफएमटी’ हे साधन ‘चेक’ पर्यायासह चालवले तर आणखी काटेकोर तपासणी होते. नेहमीच्या तक्रारी दोन: मूळ वाक्य नव्या ओळीच्या खुणेने संपते पण मराठी संपत नाही, किंवा ‘%एस’ गळला आहे. शंभर टक्के अशा मजकुरात % चिन्ह दोनदा लिहिलेले असते, तेही तसेच ठेवा.

मग तयार झालेली एमओ फाइल (पीओचे प्रोग्रामला वाचता येणारे रूप) संगणकाच्या लोकेल (भाषा-प्रदेशाच्या) फोल्डरमध्ये ‘एमआर’खाली ठेवून सॉफ्टवेअर मराठीत सुरू करा. नुसते ‘लँग्वेज’ हे चल मराठीवर ठेवले आणि लोकेल मात्र ‘सी’ या मूळ सेटिंगवर राहिले, तर गेटटेक्स्ट ते चल वाचतच नाही. आधी ‘एमआर-आयएन’ हे यूटीएफ-८ लोकेल संगणकावर तयार केलेले हवे. चालू झाल्यावर तीन गोष्टी पाहा: बटणात शब्द कापला जातो का, वेलांट्या-उकार वरच्या-खालच्या कडेला छाटले जातात का, आणि एकाच मेनूत एकच शॉर्टकट दोनदा आला आहे का.

सुपूर्द करणे

वेबलेट आणि पाँटूनवर नवख्याचा अनुवाद बरेचदा ‘सूचना’ म्हणून जमा होतो. अधिकार असलेला अनुवादक तो मान्य करतो. डॅम्ड लाइजवर आधी फाइल आपल्या नावाने राखून ठेवायची, उतरवून घ्यायची, अनुवाद करून चढवायची आणि तपासणीची वाट पाहायची. राखून ठेवून महिनोन्महिने गायब होऊ नका. तेवढा वेळ इतरांनाही थांबावे लागते.

गिटहबवरचा क्रम असा: प्रकल्प फोर्क करा (आपल्या खात्यात प्रत काढा), प्रत क्लोन करा (संगणकावर उतरवा), नवी शाखा काढा, फक्त मराठी फाइल बदला, कमिट करा (बदल नोंदवा), शाखा पुश करा (परत चढवा) आणि पुल रिक्वेस्ट उघडा. उघडण्याआधी ‘गिट डिफ’ (कोणत्या ओळी बदलल्या ते दाखवणारी आज्ञा) पाहा. फाइल संपादित करणारे सॉफ्टवेअर कधीकधी सगळ्या ओळी नव्याने मोडते आणि ५ शब्दांची दुरुस्ती ५०० ओळींची दिसते. अशा वेळी ओळी मोडण्याची सेटिंग मूळ फाइलीसारखी करून पुन्हा जतन करा. मेंटेनरला मराठी येत नसणार हे गृहीत धरून काय बदलले आणि का, हे दोन ओळींत इंग्रजीत लिहा. काही प्रकल्प कमिटवर ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही ओळ मागतात. गिटला लहान ‘एस’चा पर्याय दिला की ती आपोआप येते.

कमिटमधला ईमेल पत्ता जाहीर असतो आणि तो इतिहासातून पुसणे जवळपास अशक्य. रोजचा पत्ता द्यायचा नसेल तर गिटहबचा नो-रिप्लाय पत्ता पहिल्या कमिटच्या आधीच लावून घ्या.

दोन आठवडे उत्तर आले नाही तर त्याच धाग्यात एकदा नम्रपणे विचारा. कोणी शब्द बदलायला सुचवले तर नवी पुल रिक्वेस्ट उघडू नका. त्याच शाखेवर पुढचे कमिट करा, ते आपोआप जोडले जाते.

वेळापत्रकावरही नजर हवी. ग्नोमची आवृत्ती मार्च आणि सप्टेंबरमध्ये येते, लिबरऑफिसची फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये. त्याआधी काही आठवडे ‘स्ट्रिंग फ्रीझ’ असतो, म्हणजे इंग्रजी वाक्ये बदलणे थांबते. अनुवादाला सगळ्यात चांगला काळ तोच, कारण त्याआधी केलेल्या नोंदी हातातच फझी होऊ शकतात. आवृत्ती निघाल्यावर वितरणे ती उचलतात तेव्हा दुरुस्ती लोकांच्या पडद्यावर पोचते. दीर्घ मुदतीची आवृत्ती वापरणाऱ्याकडे ‘३ पैकी १०’ आणखी वर्षभर दिसत राहिले, तर तीच चूक पुन्हा नोंदवण्याआधी त्याच्याकडची आवृत्ती विचारून घ्या.