रफ मोअर घ्यायच्या आधी काय काय तयारी करून ठेवायची

डीलरला फोन करायच्या आधी गोल्फ कोर्सचा नकाशा काढा आणि रफ, म्हणजे खेळायच्या मुख्य पट्ट्यांबाहेरचं उंच ठेवलेलं गवत, नक्की किती हेक्टर आहे ते मोजा, कारण बहुतेक कोर्सवर कापायच्या गवतात सगळ्यात मोठा हिस्सा रफचाच असतो आणि पैसे मात्र आधी ग्रीन (भोकाभोवतीचं बारीक कापलेलं गवत) आणि फेअरवेच्या (खेळायची मुख्य पट्टी) मशीनला जातात. मोजताना मोकळा रफ, झाडांमधला रफ आणि बंकर (वाळूचे खड्डे) आणि ग्रीनच्या कडेचे चढउतार असे तीन आकडे वेगळे लिहा. तिन्ही ठिकाणी एकच मशीन सारखंच चांगलं चालत नाही, आणि कुठल्या भागासाठी मुख्य मशीन घ्यायचंय हे आधी ठरलं नसेल तर मग समोरचा विकणारा ते तुमच्यासाठी ठरवून टाकतो.

मग तासांचा हिशोब. कापायची रुंदी मीटरमध्ये, वेग ताशी किलोमीटरमध्ये, दोन्हीचा गुणाकार करून १० ने भागायचा, म्हणजे तासाला किती हेक्टर ते येतं. पावणेतीन मीटरचं मशीन ताशी ८ किलोमीटरने चाललं तर कागदावर २.२ हेक्टर, पण वळणं, ओव्हरलॅप, झाडं, खेळणारे आले की थांबणं हे सगळं धरून पाऊण भागच हाती लागतो असं समजा, म्हणजे साधारण १.६५. रफ २० हेक्टर असेल तर एका फेरीला १२ तास. आता हा हिशोब वर्षाच्या सरासरीवर करू नका प्लीज, गवताची वाढ सगळ्यात जोरात असते त्या आठवड्यांवर करा. एका वेळी गवताच्या पात्याचा एक तृतीयांशपेक्षा जास्त भाग कापायचा नाही हा नियम धरला तर ६० मिमीवर ठेवलेला रफ ९० मिमी व्हायच्या आत कापायला लागतो, आणि वाढीच्या दिवसात त्यासाठी आठवड्यातून दोनदा फिरावं लागू शकतं, म्हणजे २४ तास आणि तेवढे तास चालवणारा माणूस. तो माणूस आहे का, हेही यादीत लिहा.

कापायची पद्धत हा पुढचा मुद्दा, पण इथे फार वेळ घालवायची गरज नाही. रील, म्हणजे पात्यांचा फिरता दंडगोल, खालच्या स्थिर सुरीवर (बेडनाइफ) कात्रीसारखं कापतं, दिसायला सुंदर, पण उंच, ओलं, दांडे आलेलं गवत त्याला झेपत नाही आणि काडी-दगड लागला की रील आणि बेडनाइफ दोन्हीचं काम निघतं. फ्लेल, म्हणजे फिरत्या दांड्यावर झुलणाऱ्या पात्यांचं मशीन, वर्षातून मोजक्या वेळा कापायच्या रानटी पट्ट्यांसाठी ठीक. रोजच्या रफला रोटरी, म्हणजे पंख्यासारखं आडवं फिरणारं ब्लेड, माझं मत सरळ हेच आहे. फक्त ब्लेडला धार नियमित लावायला लागेल, बोथट ब्लेड पातं कापत नाही, फाडतं, आणि एक-दोन दिवसात सगळ्या रफवर फिकट तपकिरी छटा दिसते.

खरा विचार डेकचा करा, म्हणजे ज्या पत्र्याच्या झाकणाखाली ब्लेड फिरतात त्याचा. एकच रुंद डेक सपाट जागेवर पटापट काम उरकतो, पण उंचवट्यावरून गेला की माथा सोलून निघतो आणि खोलगट जागी गवत उंच राहतं. लहान लहान स्वतंत्र डेक प्रत्येकी जमिनीबरोबर वरखाली होतात. टोरोचं ग्राउंड्समास्टर ४५०० किंवा जॉन डिअरचं टेरेनकट ८८०० याच धर्तीची, पाच-पाच डेकची मशीनं आहेत. डेकमागे पूर्ण रुंदीचा रोलर आहे का बघा, सोलणं बरंच कमी होतं. बंकरच्या काठांसाठी डेक बाजूला सरकणारं तीन डेकचं लहान मशीन वेगळं लागतं, आणि फार उभ्या काठांना हाताने चालवायचं. बजेट एकाच मशीनचं असेल तर, माझ्या मते, रुंदी थोडी कमी घ्या पण जमिनीबरोबर चालणारं घ्या.

उतार डोळ्यांनी ठरवू नका, मोबाइलवर अंश मोजता येतात. सगळ्यात वाईट उतार लिहून ठेवा आणि मशीनच्या मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून बघा. फोर व्हील ड्राइव्ह, रोल बार (मशीन उलटलं तर चालवणाऱ्याला वाचवणारी कमान), सीट बेल्ट यावर तडजोड नको, यात माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे. झाडांखाली जायला रोल बार दुमडणारा असतो, पण दुमडलेला असताना बेल्ट लावायचा नाही आणि बाहेर आलं की लगेच उभा करायचा, हे चालवणाऱ्याला पहिल्या दिवशीच शिकवा.

इंजिनबद्दल विचारताना डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर (धुरातली काजळी अडवणारा) आहे का ते विचारा. असेल तर अति कमी सल्फरचं डिझेल लागतं आणि अधूनमधून फिल्टर तापवून साफ करायची प्रक्रिया चालते, तेव्हा एक्झॉस्ट भयंकर गरम असतो, सुक्या गवतावर उभं करून चालणार नाही.

शेडचं दार, पूल, फाटक, कार्टचा रस्ता यांची रुंदी मोजून ठेवा. डेक उचलल्यावर मशीन किती रुंद राहतं तो आकडा वेगळा असतो, तोच मागा.

डेमो स्वतःच्या कोर्सवरच घ्या, आणि सकाळी दव असताना, वाढलेल्या गवतात, सगळ्यात वाईट उतारावर. रोज चालवणार त्यालाच सीटवर बसवा. मागे पुंजके पडतात का, वळताना दोन डेकच्या मधे न कापलेली पट्टी राहते का, ओल्या उतारावर चाकं घसरतात का, स्पिंडलला (ब्लेड फिरवणारा दांडा) ग्रीस द्यायला आणि ब्लेड काढायला किती वेळ लागतो, सगळं तिथेच बघा, आणि दोन दिवसांनी परत जाऊन पात्यांची टोकं तपासा.

वापरलेलं घेत असाल तर इंजिन थंड असताना सुरू करायला लावा, ब्लेड हाताळायच्या आधी मात्र इंजिन बंद, चावी काढलेली. मग ब्लेडचं टोक धरून स्पिंडल हलतो का बघा, डेकचा पत्रा आतून किती झिजलाय, हायड्रॉलिक होसला ओल आहे का तेही. शेवटी डीलरकडून ब्लेड, बेअरिंग, बेल्ट, होस यातलं काय स्टॉकमध्ये असतं आणि काय मागवावं लागतं हे लेखी घ्या, आणि ब्लेडचे दोन जादा सेट ऑर्डरमध्येच टाका.