घरात पालेभाजी लावायची: मातीत की नुसत्या पाण्यात?

खिडकीत किंवा ग्रिलमध्ये चार पालेभाज्या लावायच्या ठरल्या की माती बरी की हायड्रोपोनिक्स (मातीशिवाय, खत विरघळवलेल्या पाण्यात रोपं वाढवणं), यावर आधी खल सुरू होतो. खरं तर त्याआधी तीन गोष्टी बघायच्या असतात: जागेवर उजेड किती, नळाला पाणी कसलं आणि खायचंय काय. त्या कळल्या की पद्धत बहुतेक वेळा आपोआप ठरते.

आधी उजेड मोजा

उजेडाच्या बाबतीत आपला डोळा फसवतो. दिवसा लख्ख वाटणाऱ्या हॉलच्या मध्यभागी जेमतेम २०० ते ५०० लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो. मोबाईलवर लक्स मोजणारं एखादं फुकट अ‍ॅप घ्या. जिथे पानं येणार त्या उंचीवर फोन आडवा धरा, स्क्रीन उजेडाकडे ठेवा आणि सकाळी, दुपारी, संध्याकाळी आकडा बघा. अचूक नसला तरी अंदाजाला पुरतो.

चार-पाच तास थेट ऊन किंवा दिवसाचा बराचसा वेळ १०,००० लक्सच्या आसपास उजेड मिळत असेल, तर पालेभाज्या दोन्ही पद्धतींनी येतात. ३,००० च्या खाली दिव्याशिवाय काहीच नीट येत नाही. फार तर परातीत मोहरी-मेथीचे कोंब काढता येतील. अंधाऱ्या जागी कुंडीतली माती वाळत नाही, मुळं कुजतात आणि वर चिलटं घोंघावतात. पाण्यातली रोपं लांबलचक, फिकट होऊन कोलमडतात. खत वाढवून यातलं काहीच सुधारत नाही.

दिवे लावायचेच असतील तर महागडे जांभळे ग्रो-लाइट घ्यायची गरज नाही. चार फूट लांब, एक फूट रुंद फळीवर २० वॉटच्या तीन पांढऱ्या एलईडी ट्यूब शेजारी शेजारी लावा, पानांपासून २० ते २५ सेंटिमीटर वर, आणि टायमर लावून रोज १४ तास चालू ठेवा. ६० वॉट गुणिले १४ तास म्हणजे दिवसाला ०.८४ युनिट, महिन्याला साधारण २५. हा आकडा आपल्या वीजबिलातल्या दराशी गुणून बघा. मंडईत स्वस्त मिळणाऱ्या कोथिंबिरीच्या जुडीसाठी एवढी वीज जाळणं परवडत नाही. लेट्यूस किंवा बेसिलसाठी परवडू शकतं.

मग पाणी

पाण्यात विरघळलेले क्षार पीपीएममध्ये (लिटरला मिलिग्रॅम) मोजणारा टीडीएस मीटर काही शे रुपयांत मिळतो. हायड्रोपोनिक्सचा विचार असेल तर पहिली खरेदी हीच. नळाचं पाणी २०० पीपीएमच्या आत असेल तर निर्धास्त. २०० ते ४०० असेल तर चालतं, पण खताचं द्रावण लवकर बदलावं लागतं. ४०० च्या पुढे, म्हणजे बऱ्याच सोसायट्यांतलं बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी, सरळ माती निवडा. नाहीतर त्यात पावसाचं किंवा आरओचं पाणी मिसळा.

कारण साधं आहे. लेट्यूसला खतासकट ६०० ते ८०० पीपीएम पुरतात. पाण्यातच ५०० पीपीएम क्षार असतील तर खताला जागा उरते १००-३०० ची, आणि ते ५०० कसले आहेत हे मीटर सांगत नाही. शिवाय जड पाण्यातल्या बायकार्बोनेटमुळे पीएच (पाणी किती आम्ल ते सांगणारा आकडा; जास्त म्हणजे कमी आम्ल) वर सरकत राहतो. तो ७ च्या पुढे गेला की लोह मुळांना मिळेनासं होतं. मग कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोक याला खत कमी पडलं समजून आणखी खत ओततात.

आरओ मशीनच्या पाइपातून वाया जाणारं पाणी हायड्रोपोनिक्सला अजिबात वापरू नका. त्यात नळाच्या पाण्यापेक्षाही जास्त क्षार असतात. कुंड्यांनाही रोज तेच घातलं तर काही महिन्यांत मातीवर पांढरा थर धरतो.

काय लावायचं

कढीपत्ता, हळद, आलं, मुळा, कांदा, अळू आणि दारातली तुळस यांना माती. इथे दुसरा विचारही नको. लेट्यूस, बेसिल, पाक चोय, पुदिना पाण्यात झकास येतात. पालक पाण्यात येतो, पण उन्हाळ्यात रुसतो. मेथी आणि कोथिंबीर दोन्हीकडे येतात. तरी त्या दाट पेरून एकदम कापायच्या असल्यामुळे सहा इंच खोल पसरट ट्रेमध्ये मातीतच सोप्या पडतात. टोमॅटो-मिरची घरात पाण्यावर घेण्याच्या फंदात सुरुवातीला पडू नका. त्यांना लेट्यूसच्या जवळपास दुप्पट तीव्रतेचं द्रावण आणि भरपूर ऊन लागतं.

मातीचा मार्ग

शेतातली काळी माती कुंडीत भरू नका. ओली झाली की चिकट होते, वाळली की आक्रसून भेगा पडतात आणि पाणी कडेने निसटून जातं. चार भाग लाल माती किंवा पोयटा, तीन भाग गांडूळखत, तीन भाग भिजवून पिळलेलं कोकोपीट आणि १५ लिटरच्या कुंडीमागे एक मूठ निंबोळी पेंड असं मिश्रण करा. मूठ आवळून सोडल्यावर गोळा व्हावा आणि बोटाने टोचलं की फुटावा. फुटत नसेल तर भाताचं तूस किंवा परलाइट मिसळा. भिजलेली १५ लिटरची कुंडी १५ किलोच्या पुढे जाते, तेव्हा ग्रिलवर अशा सहा कुंड्या मांडण्याआधी ग्रिलची मजबुती बघा.

कोथिंबिरीसाठी धणे लाटण्याने हलकेच रगडून दोन फोडी करा. पीठ होता कामा नये. रात्रभर भिजवा, ओळीत पेरा, वर एक सेंटिमीटर माती पसरा आणि झारीने पाणी द्या. उगवायला आठवडा-दहा दिवस लागतात. तोवर उगवलंच नाही म्हणून उकरायला जाऊ नका. ३५ ते ४५ दिवसांत कापणी होते. मेथी तीन-चार दिवसांत वर येते आणि महिन्याच्या आत ताटात.

पाणी वेळापत्रकाने देऊ नका. बोट एक इंच खुपसून बघा, कोरडं लागलं तरच द्या. चिलटं झाली तर वरचा इंचभर थर वाळू द्या आणि पिवळे चिकट कागद लावा. कागद उडणारी चिलटं धरतो. त्यांच्या अळ्या ओल्या मातीत असतात, म्हणून वाळवणं हाच खरा उपाय.

पाण्याचा मार्ग, पंपाशिवाय

सुरुवात क्रॅटकी पद्धतीने करा. हवाई विद्यापीठातल्या बर्नार्ड क्रॅटकी यांच्या नावाने ती ओळखली जाते. तिला पंप आणि वीज लागत नाही, त्यामुळे लोडशेडिंगचा प्रश्नही येत नाही.

झाकणाची १५ लिटरची बादली घ्या. ती अपारदर्शक हवी, उजेड आत गेला की शेवाळ धरतं. झाकणाला दोन इंची नेट पॉटसाठी (जाळीच्या छोट्या कुंडीसाठी) तीन भोकं पाडा, पॉटच्या कडेपेक्षा किंचित लहान. बी स्पंजच्या तुकड्यात किंवा कोकोपीटमध्ये रुजवा. लेट्यूसचं बी ३० अंशांच्या पुढच्या उकाड्यात रुजत नाही. ओल्या कागदात गुंडाळून दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवलं की काम होतं. तीन-चार पानांचं रोप पॉटमध्ये बसवा आणि पॉटचा तळचा एक सेंटिमीटर बुडेल इतकंच द्रावण भरा.

नवशिक्यांनी ए आणि बी अशा दोन भागांत मिळणारं तयार खत घ्यावं. स्वतः करायचं तर कृषी सेवा केंद्रातून वस्तू आणा. ए बाटली: १ लिटर पाण्यात १२० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट. बी बाटली: १ लिटर पाण्यात ८० ग्रॅम १३:०:४५ (पोटॅशियम नायट्रेट), ३० ग्रॅम ०:५२:३४ (मोनो पोटॅशियम फॉस्फेट), ८० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट आणि २०० लिटर द्रावणाला लागतील तेवढी हायड्रोपोनिक्ससाठीचीच चिलेटेड सूक्ष्म अन्नद्रव्यं, मात्रा पाकिटावर बघून. २० लिटर पाण्यात आधी बी १०० मिली घालून ढवळा, मग ए १०० मिली. या दोन बाटल्या एकमेकींत थेट ओतल्या तर कॅल्शियमचा सल्फेट आणि फॉस्फेटबरोबर साका होऊन तळाशी बसतो आणि झाडाला काही मिळत नाही. लहान रोपांना अर्धीच मात्रा. पीएच ५.५ ते ६.५ ठेवा. तो उतरवायला फॉस्फोरिक आम्ल थेंबाथेंबाने वापरा. लिंबू-व्हिनेगरने उतरलेला पीएच दोन दिवसांत परत चढतो.

दुकानदार हमखास १९:१९:१९ पुढे करेल. शेतात ते ठीक आहे, बादलीत नाही. त्यात कॅल्शियम नाही. नत्राचा निम्म्याहून मोठा वाटा युरियाचा असतो आणि युरिया वापरण्याजोगा करून देणारे मातीतले जिवाणू बादलीत पुरेसे नसतात. मीटरलाही युरिया दिसत नाही, त्यामुळे आकडा कमी वाटतो आणि हात सैल सुटतो.

रोप पाणी पीत जातं तशी पातळी उतरते आणि मधल्या मोकळ्या जागेतली मुळं हवा घेऊ लागतात. पहिल्या तुकडीला नेमकं इथेच नुकसान होतं: पाणी कमी झालेलं बघून बादली काठोकाठ भरली जाते, हवेतली मुळं बुडतात आणि दोन दिवसांत रोप मान टाकतं. भरायचंच तर निम्म्यापर्यंतच भरा. एका लेट्यूसला अख्ख्या आयुष्यात साधारण चार लिटर पुरतात, त्यामुळे आठवडाभर गावाला गेलात तरी काही बिघडत नाही.

झाकण घट्ट हवं आणि रिकामं भोक टेपने बंद हवं. साठलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो आणि पालिकेचे लोक पावसाळ्यात घरोघरी तेच शोधत फिरतात.

एप्रिल-मेमध्ये विदर्भ-मराठवाड्यात बादलीतलं पाणी सहज तिशी ओलांडतं. २० अंशांना लिटरभर पाण्यात ९ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना साडेसात. त्यातच मुळं कुजवणारा, बुरशीसारखा पिथियम फोफावतो. पांढरी मुळं तपकिरी, बुळबुळीत झाली आणि वास येऊ लागला की ते रोप गेलं. बादली ब्लीचने धुऊन नव्याने सुरू करा. बर्फाची बाटली सोडून थोडे दिवस निभावतं, पण त्या दोन महिन्यांत मातीकडे वळलेलं बरं.

एअर पंप लावलेल्या टाक्या आणि पाइपांतून पाणी फिरवणारे संच नंतर बघा. पाइपांच्या संचात दुपारी वीज गेली तर काही तासांत सगळी रोपं माना टाकतात. तो घ्यायचा तर इन्व्हर्टर धरूनच खर्च मांडा.

कापणीनंतर बादलीत उरलेलं द्रावण मोरीत ओतू नका. मुळं निरोगी असतील तर तेवढंच साधं पाणी मिसळून ते कुंड्यांना द्या आणि त्या आठवड्यात कुंड्यांना दुसरं खत घालू नका.