गॅदरिंगसाठी डॉक्टर ऑक्टोपसचे चार हात

सुपरहिरोच्या दुसऱ्या भागावर स्किट किंवा शॉर्टफिल्म करायची म्हटली की हिरोचा ड्रेस भाड्याने मिळून जातो. घोडं अडतं ते व्हिलनपाशी. २००४ च्या ‘स्पायडर-मॅन २’ मधला डॉक्टर ऑक्टोपस डोक्यातून जात नाही, कारण हातांना ताब्यात ठेवणारी त्याच्या मानेवरची चिप जळते आणि पाठीवरचे यांत्रिक हातच त्याला चालवू लागतात. पडद्यावरचे ते हात बऱ्याच शॉटमध्ये खरोखरचे होते, माणसं मागून हलवत होती. बाकीचं कॉम्प्युटरवर झालं. तेव्हा आपल्यालाही जमेल. वजन मात्र अडीच किलोच्या वर जाऊ देऊ नका.

हाताचा कणा म्हणून ८ गेजची जीआय तार घ्या, कुंपणाला लावतात ती. हलकी म्हणून ॲल्युमिनियमची घ्याल तर पाच फुटांचा हात दहा मिनिटांत मान टाकेल. एका हाताला साडेसात फूट तार लागते: पाच फूट हाताला, दोन फूट मुळाशी दुहेरी करायला आणि उरलेली पाठीवर अडकवायला. सगळा भार मुळाशीच येतो, त्यामुळे दुहेरी तिथेच हवी. वरून एसीच्या तांब्याच्या पाइपवर चढवतात तो काळा फोम चढवा, आतून पाच सुती, म्हणजे ५/८ इंच पोकळ. तो सहा फुटी नळीत येतो, एका हाताला एक नळी पुरते. फोम चढवण्याआधी तारेवर दर सहा इंचांवर चिंध्या गुंडाळून टेप मारा, नाहीतर फोम तारेभोवती गरगर फिरतो.

पाठीला १२ बाय १० इंचांचा, ६ मिलिमीटरचा प्लाय. त्याला जुन्या दप्तराचे पट्टे आणि कमरेला रुंद पट्टा लावा. कमरपट्टा नसेल तर दुसऱ्या प्रवेशापर्यंत खांदे भरून येतात. तारेचं टोक सरळ ठेवून सॅडल (पाइप भिंतीला धरून ठेवणारी वाकडी पट्टी) ठोकलं की हात फिरून खाली लोंबतो. टोक ‘एल’ आकारात वाकवा, प्लायला भोक पाडून त्यातून आरपार काढा आणि मगच दोन सॅडल मारा. पाठीकडच्या बाजूला जाड फोम चिकटवायला विसरू नका, तारेची टोकं बोचतात भो.

पंजाला जुन्या रबरी चपलेच्या तीन पाकळ्या पुरतात, मध्ये ५ मिलिमीटरचा लाल एलईडी. त्याच्या दोन पायांत सीआर २०३२ चा बटण सेल पकडून टेप गुंडाळा. वेगळा रेझिस्टर लागत नाही. हे सामान जळगावात गोलाणी मार्केटला मिळतं.

चिकटवायला ग्लू गन वापरू नका. आपल्याकडच्या उन्हात बंद गाडीत ठेवलेला पंजा तासाभरात गळून पडतो. फेविबॉण्ड (चपला-रबर चिकटवायचा गोंद) दोन्ही बाजूंना लावा, बोटाला चिकटेनासं झालं की दाबा. फोमवर थेट सिल्व्हर स्प्रे मारला तर वाकवताच रंग तडकतो; आधी फेविकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं करून त्याचे दोन थर द्या. स्प्रे सकाळी लवकर मारा. दुपारच्या गरम वाऱ्यात रंग हवेतच सुकतो आणि नुसती पावडर बसते.

आता हात हलवायचे कसे? वरच्या दोन हातांच्या मध्यापासून मासे पकडायची नायलॉन दोरी नटाच्या मनगटापर्यंत बांधा आणि खालचे हात तशाच दोरीने वरच्यांना जोडा. मनगट उचललं की चारही उठतात. पण एवढ्यावर ते नुसते पाठीला टांगलेले पाइप वाटतात. नटाने बोलताना हात स्थिर ठेवावेत आणि बोलणं थांबलं की हळूच एक उचलून त्याच्याकडे स्वतःच दचकून बघावं. एवढ्या एका गोष्टीची तालीम आठवडाभर करा. संवाद अहिराणीत ठेवणार असाल तर ते गंभीरपणेच म्हणा; नट हसला की व्हिलन मेला. विंगेतून यायचं ते आडवं. समोरून आलात तर हात पडद्यात अडकणारच.

शॉर्टफिल्ममध्ये पंजाने वस्तू झडप घालून पकडताना दाखवायची असेल तर उलटं शूट करा. पंजा वस्तूला चिकटवलेलाच ठेवा, झटक्यात मागे ओढा आणि एडिटमध्ये क्लिप रिव्हर्स करा. धुळ्याजवळ लळिंग किल्ल्याच्या पायथ्याशी हा शॉट घेणार असाल तर हायवे फ्रेमबाहेर ठेवा, नाहीतर मागचे ट्रक उलटे पळताना दिसतील.