इंडियाना ड्यून्सच्या तीन टेकड्या एका दिवसात कशा चढायच्या
अमेरिकेत लेक मिशिगन या मोठ्या तलावाच्या काठावर इंडियाना ड्यून्स स्टेट पार्कात माउंट जॅक्सन, होल्डन आणि टॉम अशा वाळूच्या तीन टेकड्या आहेत, ट्रेल ८ ही पायवाट धरली की तिन्ही होतात. अंतर जेमतेम दीड मैल, पण चढ एकूण ५५२ फूट, एकटा टॉमच १९२ फुटांचा, त्यामुळे अंतर बघून फसू नका.

सकाळी लवकर निघा, कारण उन्हात वाळू अशी तापते की अनवाणी पाय ठेववत नाही. मऊ वाळूत दोन पावलं पुढे गेलं की एक मागे घसरतं, म्हणून पावलं छोटी टाका, आणि आधी कोणी चढलं असेल ना तर त्याच्याच ठशांत पाय रोवत जा, दम खूप वाचतो. पाणी नेहमीपेक्षा जास्त घ्या.

आणि प्लीज, गवतावरून चालू नका! त्या मॅरम गवताची मुळंच वाळू धरून ठेवतात, गवत तुडवून मेलं की वारा टेकडीच उडवायला लागतो, मला तर ते बघून फार वाईट वाटतं.

खाली उतरलात की बुटातली वाळू झटका आणि लेकमध्ये पाय बुडवून बसा, फक्त लाटा मोठ्या असतील तर आत शिरू नका, रिप करंट, म्हणजे काठापासून आत खेचणारा पाण्याचा जोरदार प्रवाह, ओढून नेतो.