बूस्ट सगळ्यात शेवटी: रोजच्या गाडीची ड्रॅग रेसर करताना या चुका टाळा

रोज ऑफिसला नेण्याच्या गाडीतून पाव मैलाच्या, म्हणजे ४०२ मीटरच्या, सरळ धावेचा (ड्रॅग रेसचा) विक्रम करण्याचा ध्यास घेतलेली मंडळी पुण्यात कमी नाहीत आणि त्यांतल्या बहुतेकांची पहिली चौकशी किती अश्वशक्ती निघेल हीच असते. रीमॅप करून, म्हणजे ईसीयूचे (इंजिनच्या कॉम्प्युटरचे) प्रोग्रॅमिंग बदलून, आणि टर्बोचा बूस्ट (इंजिनात हवा कोंबणारा दाब) वाढवून अश्वशक्ती एका दुपारी मिळते. ती सोसण्याची तयारी मात्र इंधनपुरवठा, क्लच, ड्राइव्हशाफ्ट आणि टायर यांनी अगोदर केलेली असावी लागते, आणि उतावळे लोक नेमका हाच क्रम उलटा करतात.

सर्वांत महागात पडणारी चूक इंधनपुरवठ्यात होते. कोथरूडच्या एका तरुणाने आपल्या होंडा सिटीला टर्बो बसवला, मोठे इंजेक्टर आणि मोठा पंपही घातला आणि लोणावळ्याजवळच्या अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर जाण्याच्या आदल्या रात्री कोणाच्या तरी सल्ल्याने बूस्ट आणखी वाढवून घेतला. डायनोवर (जागच्या जागी ताकद मोजणाऱ्या रोलरवर) गाडी निर्दोष चालली होती, कारण तिथली ओढ काही सेकंदांतच संपते. धावपट्टीवर तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन अडखळले, तरी त्याने पाय उचलला नाही. गाडी माझ्याकडे आली तेव्हा मी आधी स्पार्क प्लग काढले. तिसऱ्या सिलिंडरच्या प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर ॲल्युमिनियमचे मोहरीहूनही बारीक चकाकणारे कण चिकटलेले होते, म्हणजे पिस्टन वितळू लागला होता. इंधनाचा मूळ दाब तीन बार आणि बूस्ट एक बार असेल तर रेलमध्ये (इंजेक्टरांना इंधन देणाऱ्या नळीत) चार बार दाब हवा. ईसीयूच्या नोंदींत (लॉगमध्ये) तो वरच्या आरपीएमला तीनच्या आसपास घसरला होता आणि मिश्रण लीन झाले होते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडत होते. सगळ्यांनी पंपाला दोष दिला. पंप उत्तम होता, पण त्याला वीज पोहोचवणारी वायर कंपनीचीच बारीक राहिली होती. पंप जितका मोठा तितका तो करंट जास्त ओढतो आणि तितकाच व्होल्टेजही वाटेत जास्त पडतो. बॅटरीवर पावणेचौदा व्होल्ट असताना पंपाच्या सॉकेटवर जेमतेम अकरा भरत होते. नाना पेठेत मिळणारा एक रिले, एक फ्यूज आणि बॅटरीपासून थेट ओढलेली जाड वायर एवढ्यावर हा प्रश्न सुटला असता, पण त्याऐवजी त्याला संपूर्ण इंजिन उघडावे लागले. तेव्हापासून पंप नवा असो वा जुना, गाडी पूर्ण लोडवर असताना त्याच्या सॉकेटवरचा व्होल्टेज मोजल्याशिवाय मी बूस्टला हात लावत नाही, आणि इंधनाचा दाब खाली आला तर ईसीयूने आपणहून इंजिन आवरावे अशी व्यवस्था ट्यूनमध्ये करून घेतो.

दुसरी चूक दिसायला किरकोळ आहे, पण वेळ तिथेच वाया जातो. पहिल्या ६० फुटांत वाचलेला दशांश सेकंद शेवटच्या रेषेवर साधारण दीडपट ते दुप्पट होऊन मिळतो, तरीही लोक टायर सोडून एक्झॉस्टवर पैसे खर्च करतात. आपल्याकडच्या बहुतेक गाड्या पुढच्या चाकांवर चालतात. लाँच करताना (रेषेवरून झेप घेताना) वजन मागे सरकते आणि ओढणारी चाकेच हलकी होतात, म्हणून मागचे सस्पेन्शन कडक करून ते सरकणे कमी करावे. पुढच्या टायरमधली हवा मी रोजच्यापेक्षा थोडी कमी ठेवतो, मागची थोडी जास्त, आणि दर धावेनंतर गेज लावून पाहतो. अंगठ्याने दाबून हवा ओळखणाऱ्यांशी वाद घालणे मी सोडून दिले आहे. साध्या रोड टायरने चाके जागीच फिरवून, धूर काढून लांबलचक बर्नआउट करू नये, कारण त्याने पकड वाढण्याऐवजी रबर तापून निसरडे होते. सुरुवातीच्या रेषेआधी बर्नआउटसाठी ओल्या केलेल्या पाण्याच्या पट्ट्यातून जाण्याऐवजी तो वळसा घालून टाळावा.

बाकीच्या चुका थोडक्यात. कोरड्या क्लचच्या सात गिअरी डीएसजीची (फोक्सवॅगन-स्कोडाच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची) टॉर्कची मर्यादा २५० न्यूटन-मीटर आहे, त्यामुळे रीमॅपआधी हा आकडा लक्षात घ्यावा. वजन कमी करायचे म्हणून स्टेपनी आणि मागची सीट काढावी. सीट बेल्ट आणि चेसिसचा पत्रा यांना हात लावू नये. चाकांचे नट पायाने पान्हा दाबून आवळण्याऐवजी टॉर्क रेंचनेच आवळावेत. मोबाइल ॲपवरचा वेळ स्पर्धेतल्या टायमिंगशी ताडून पाहू नये, कारण रोलआउटच्या (गाडी रेषेवरून किंचित पुढे सरकल्यावरच घड्याळ सुरू होण्याच्या) हिशेबानेच दोन-तीन दशांशांचा फरक पडतो. द्रुतगती मार्गावर किंवा रिंगरोडच्या सर्व्हिस रोडवर चाचणी घेणे मूर्खपणाचे तर आहेच, शिवाय मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८९ खाली तो गुन्हाही आहे.

विक्रमाचा विचार करणाऱ्यांची आणखी एक चूक म्हणजे एकाच धावेपुरती गाडी तयार करणे. अमेरिकेतील एनएचआरए ही ड्रॅग रेसिंगची संस्था पूर्वी राष्ट्रीय विक्रम मान्य करण्याआधी त्याच स्पर्धेत एक टक्क्याच्या आत बसणारी दुसरी धाव मागत असे, आणि आपल्याकडे असा नियम लागू नसला तरी गाडीची खरी परीक्षा तीच आहे. पहिल्या धावेनंतर इंटरकूलर (टर्बोतून आलेली तापलेली हवा थंड करणारा रेडिएटर) तापलेला असतो, आत जाणारी हवा विरळ झालेली असते आणि ईसीयू इग्निशन मागे ओढतो (ठिणगी उशिरा पाडून ताकद कमी करतो), मग मालक ट्यूनरला फोन लावून भांडू लागतो. मी बॉनेट उघडून इंटरकूलरवर पंखा लावतो, इनटेक मॅनिफोल्डवर बर्फाच्या पिशव्या ठेवतो आणि इनटेक हवेचे तापमान पहिल्या धावेआधी होते तितके उतरल्याशिवाय रांगेत गाडी लावू देत नाही, मग मागून कोणी कितीही हॉर्न वाजवो.