नको असलेला अँटिव्हायरस घरच्या संगणकातून कसा काढावा

अँटिव्हायरस हा संगणकातल्या इतर प्रोग्रॅमांसारखा नसतो, आणि तो काढताना होणारे बहुतेक घोळ एवढी एक गोष्ट लक्षात न घेतल्यामुळे होतात. गाणी ऐकण्याचा किंवा फोटो लावून ठेवण्याचा प्रोग्रॅम आपापल्या फोल्डरात राहतो, तो पुसला की विषय संपतो. अँटिव्हायरस मात्र विंडोजच्या गाभ्याला लागून बसतो. आपण कोणतीही फाइल उघडली की ती आपल्यापर्यंत येण्याआधी त्याच्या फिल्टर ड्रायव्हरच्या, म्हणजे वाटेत बसून प्रत्येक फाइल तपासणाऱ्या विंडोजच्या गाभ्यातल्या छोट्या प्रोग्रॅमच्या, हातून जाते. त्याच्या सेवा, म्हणजे पडद्यामागे सतत चालणारे भाग, संगणक सुरू होतानाच जाग्या होतात, इंटरनेटवरून येणारी माहिती तो वाटेत अडवून तपासतो आणि ब्राउझरमध्येही त्याचे एखादे एक्स्टेन्शन, म्हणजे जोडलेला छोटा प्रोग्रॅम, बसलेले असते. शिवाय घुसखोर प्रोग्रॅम सर्वांत आधी पहारेकऱ्यालाच बाहेर काढू पाहतो, म्हणून हा पहारेकरी सहजासहजी हलू नये अशीच त्याची रचना केलेली असते. मालकाने जा म्हटले तरी तो तोच हट्ट दाखवतो.

हा धडा मी स्वतः हात पोळून घेतला. एका नातेवाइकांच्या लॅपटॉपवर खरेदीबरोबर आलेला चाचणी मुदतीचा अँटिव्हायरस होता. मुदत संपल्यावर तो दिवसातून पाचसहा वेळा पैसे भरण्याची आठवण करून देई. मी सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज अगदी मोजक्या भागांवर सुरू होते त्या अवस्थेत, जाऊन त्याचे फोल्डरच पुसून टाकले. संगणक पुन्हा सुरू झाला, वायफाय जोडलेले दिसू लागले, पण एकही पान उघडेना. इंटरनेटची वाहतूक तपासणारा त्याचा ड्रायव्हर विंडोजच्या नोंदींत तसाच होता, आणि तो ज्या सेवेला विचारून वाट मोकळी करी ती सेवा मी पुसलेली होती. शेवटी दुसऱ्या संगणकावरून तोच अँटिव्हायरस उतरवून, तो पुन्हा बसवून, मग रीतसर काढावा लागला. अर्धवट निघालेल्या अँटिव्हायरसवर आजही हा उपाय सर्वांत भरवशाचा आहे.

काढण्याआधी आपण नेमके काय काढतो आहोत ते ओळखावे. विंडोज १० किंवा ११ मध्ये ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून तिच्या सेटिंग्जमधल्या ‘मॅनेज प्रोव्हायडर्स’ या दुव्यावर गेले की संगणकाचे संरक्षण सध्या कोणाकडे नोंदवलेले आहे याची यादी दिसते. त्रास देणारे नाव तिथे असेल तर तो खरोखर बसवलेला अँटिव्हायरस आहे. नाव तिथे नाही, ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’च्या यादीतही नाही आणि तरीही पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात ‘तुमच्या संगणकात ५ व्हायरस सापडले’ अशा चौकटी उगवत असतील, तर त्या चौकटीकडे जरा निरखून पाहावे. मजकुराच्या आसपास बारीक अक्षरांत ब्राउझरचे नाव आणि कुठल्यातरी अनोळखी संकेतस्थळाचा पत्ता लिहिलेला असतो. हा अँटिव्हायरस नाहीच. कधीतरी घाईत ‘अलाऊ’ दाबल्यामुळे त्या संकेतस्थळाला सूचना पाठवण्याची परवानगी मिळाली आहे, एवढेच. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये संकेतस्थळांच्या परवानग्यांखाली ‘नोटिफिकेशन्स’ उघडून तो पत्ता काढून टाकला की चौकटी थांबतात. ज्या घरांत ‘व्हायरस गेला नाही’ म्हणून अख्खा विंडोज नव्याने बसवला जातो, तिथे पुष्कळदा दुखणे एवढेच असते.

तिसरा प्रकार खोट्या अँटिव्हायरसचा. तो ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’च्या यादीत असतो, तपासणीचे नाटक करतो, शेकडो दोष दाखवतो आणि दुरुस्तीसाठी पैसे मागतो किंवा दूरध्वनी क्रमांक देतो. पैसे भरू नयेत, त्या क्रमांकावर बोलू नये. तो यादीतून काढावा आणि नंतर विंडोज सिक्युरिटीमधल्या ‘स्कॅन ऑप्शन्स’मधून डिफेंडरची, म्हणजे विंडोजच्या अंगभूत अँटिव्हायरसची, ऑफलाइन तपासणी चालवावी. ही तपासणी विंडोज सुरू होण्याआधीच होत असल्यामुळे दडून बसलेल्या प्रोग्रॅमला लपायला जागा उरत नाही. संगणक कार्यालयाने दिलेला असेल तर मात्र त्यातल्या कोणत्याच अँटिव्हायरसला आपण हात लावू नये.

आता पूर्वतयारी. ती कंटाळवाणी आहे, पण नंतरचा पश्चात्ताप हिच्यातच वाचतो. अँटिव्हायरसच्या संचाबरोबर पासवर्ड सांभाळणारा विभाग किंवा कुलूपबंद तिजोरीसारखे फोल्डर वापरले असेल तर त्यातला ऐवज आधी बाहेर काढून घ्यावा, कारण प्रोग्रॅम गेल्यावर ती तिजोरी उघडणारे काहीच संगणकात उरत नाही. पासवर्ड निर्यात केले की त्यांची साध्या मजकुराची फाइल तयार होते आणि ती कोणालाही वाचता येते, तेव्हा नव्या ठिकाणी भरून झाल्यावर ती लगेच पुसावी आणि रीसायकल बिनमधूनही काढावी. ‘क्वारंटाइन’मध्ये, म्हणजे अँटिव्हायरस संशयित फायली अडकवून ठेवतो त्या कप्प्यात, एखादी आपली कामाची फाइल चुकून अडकली आहे का तेही पाहावे. जी फाइल खरोखर निर्धोक असल्याची खात्री आहे तेवढीच परत घ्यावी.

पैसे भरून घेतलेला अँटिव्हायरस असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावरील आपल्या खात्यात जाऊन वर्गणीचे आपोआप होणारे नूतनीकरण बंद करावे. संगणकातून प्रोग्रॅम काढल्याने वर्गणी थांबत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

विंडोजमध्ये डिस्क कूटबद्ध केलेली असेल, म्हणजे बिटलॉकर किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ चालू असेल, तर ४८ अंकी रिकव्हरी की आधीच मिळवून कागदावर उतरवावी. पुढे सेफ मोडमध्ये जायची वेळ आली तर संगणक ती मागू शकतो. त्याच कारणासाठी खात्याचा खरा पासवर्डही आठवतो आहे याची खात्री करावी, कारण रोजचा चार अंकी पिन सेफ मोडमध्ये चालेलच असे नाही. एक रिस्टोर पॉइंट, म्हणजे बिघाड झाल्यास विंडोजच्या सेटिंग्ज ज्या स्थितीवर परत नेता येतील अशी जतन केलेली खूण, तयार करावा आणि अँटिव्हायरसच्या कंपनीने तो काढण्यासाठी बनवलेले साधन आत्ताच उतरवून ठेवावे. मध्येच इंटरनेट गेले तर ते कुठून आणणार?

यानंतर अँटिव्हायरसच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ‘सेल्फ डिफेन्स’ किंवा ‘टॅम्पर प्रोटेक्शन’ अशा नावाचे स्वसंरक्षण बंद करावे. सेटिंग्जना पासवर्ड लावलेला असेल तर तोही काढावा. अनइन्स्टॉल अर्ध्यावर अडकण्याचे एक नेहमीचे कारण हे असते.

प्रत्यक्ष काढणी विंडोज ११ मध्ये ‘सेटिंग्ज’, ‘ॲप्स’, ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’ या वाटेने आणि विंडोज १० मध्ये ‘ॲप्स अँड फीचर्स’मधून करावी. नावासमोरचे ‘अनइन्स्टॉल’ दाबले की अँटिव्हायरसची स्वतःची खिडकी उघडते, आणि इथे सावकाश वाचावे लागते. अशा खिडकीत पुष्कळदा मोठे, ठळक रंगाचे बटण संरक्षण चालू ठेवण्याचे किंवा सवलतीचे असते आणि काढून टाकण्याचा पर्याय खाली फिक्या, बारीक अक्षरांत असतो. सवयीने ठळक बटण दाबणारा माणूस तीन खिडक्या ओलांडून पुन्हा जिथून निघाला तिथेच येतो. सेटिंग्ज, क्वारंटाइन आणि परवाना ठेवायचा का असे विचारले तर सगळे काढण्याचा पर्याय निवडावा. का काढता आहात या प्रश्नावलीला उत्तर देण्याचे बंधन नाही.

काम झाल्यावर ‘रीस्टार्ट’ करावे, ‘शट डाउन’ नव्हे. हा भेद क्षुल्लक वाटतो, पण तसा नाही. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शट डाउन करताना प्रणालीचा गाभा ड्रायव्हरांसकट डिस्कवर जतन होतो आणि पुढच्या वेळी तसाच उचलला जातो, त्यामुळे ज्या ड्रायव्हरांची काढणी पुढच्या सुरुवातीवर ढकललेली असते ते जागचे हलत नाहीत. रीस्टार्टमध्ये मात्र सगळे पहिल्यापासून सुरू होते.

संगणक पुन्हा सुरू झाल्यावर बसवलेल्या प्रोग्रॅमांची तीच यादी पुन्हा उघडावी. मुख्य प्रोग्रॅम गेला तरी त्याची भावंडे मागे राहिलेली असतात: व्हीपीएन, ‘सफाई’ करणारा प्रोग्रॅम, सुरक्षित म्हणवणारा ब्राउझर, संकेतस्थळांना हिरवी खूण देणारे एक्स्टेन्शन. यादी बसवल्याच्या तारखेनुसार लावली तर एकाच दिवशी आत आलेली ही मंडळी शेजारी शेजारी दिसतात. ती एकेक करून काढावीत.

रीतसर अनइन्स्टॉल झाले नाही, तर कंपनीचे खास काढणीचे साधन वापरावे. मॅकअफी, नॉर्टन, अव्हास्ट, एव्हीजी, कॅस्परस्की, ईसेट, बिटडिफेंडर या सर्वांनी अशी साधने स्वतःच बनवलेली आहेत आणि ती विनामूल्य मिळतात. ती फक्त त्या त्या कंपनीच्या संकेतस्थळावरूनच घ्यावीत. शोधयंत्रात नाव टाकल्यावर वर येणाऱ्या जाहिरातींत ‘कुठलाही अँटिव्हायरस काढून देतो’ म्हणणारी साधने दिसतात. त्यांच्या नादी लागणे म्हणजे एक नकोसा पाहुणा घालवण्यासाठी दुसरा घरात घेणे. कंपन्यांच्या स्वतःच्या साधनांपैकी काही, उदाहरणार्थ ईसेटचे, सेफ मोडमध्ये चालवावी लागतात. त्यासाठी शिफ्ट कळ दाबून धरून ‘रीस्टार्ट’ निवडावे, मग ‘ट्रबलशूट’, ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘स्टार्टअप सेटिंग्ज’ असे जाऊन पुन्हा सुरू झाल्यावर ४ हा अंक दाबावा. सेफ मोडमध्ये विंडोज इन्स्टॉलर ही सेवा सहसा चालत नाही, म्हणून तिथे नेहमीच्या यादीतून काढायला गेल्यास पुष्कळ प्रोग्रॅम चूक दाखवून थांबतात. तो दोष आपला नसतो. तिथे कंपनीचे साधनच चालवायचे.

याच्या पलीकडे तिसरा मार्ग म्हणून काही जण रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सर्व नोंदींचे भांडार, उघडून कंपनीच्या नावाच्या नोंदी शोधून शोधून पुसायला सांगतात. मी तो सल्ला देणार नाही. कळफलक, डिस्क आणि नेटवर्क यांच्या नोंदींत फिल्टर ड्रायव्हरांची नावे साखळीसारखी ओवलेली असतात. ड्रायव्हरची फाइल गेली आणि नाव साखळीत राहिले, तर ते उपकरणच सुरू होत नाही. कळफलकाचे असे झाले तर पासवर्डही टाकता येत नाही, आणि डिस्कचे झाले तर विंडोज निळ्या पडद्यावर थांबते. प्रोग्रॅमच्या फोल्डरात चारदोन रिकाम्या फायली उरल्या असतील तर उरू द्याव्यात, त्या कोणाचे काही बिघडवत नाहीत.

खरोखर निघाला की नाही हे पाहण्याची एक नेमकी रीत आहे. स्टार्टमध्ये कमांड प्रॉम्प्ट शोधून तो ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडावा आणि एफ, एल, टी, एम, सी ही पाच इंग्रजी अक्षरे सलग टाइप करून एंटर दाबावे. फायलींच्या वाटेवर बसलेल्या सर्व फिल्टर ड्रायव्हरांची यादी येते. ‘अल्टिट्यूड’ या रकान्यात प्रत्येकाची उंची दिलेली असते, आणि ३,२०,००० ते ३,३०,००० यांच्यामधला पट्टा मायक्रोसॉफ्टने अँटिव्हायरसांसाठी राखलेला आहे. तिथे ३,२८,०१० या उंचीवर ‘डब्ल्यूडीफिल्टर’ दिसेल. तो विंडोजच्या डिफेंडरचा आहे आणि तो असायलाच हवा. त्याच पट्ट्यात जुन्या कंपनीचे नाव अजून दिसत असेल तर काढणी अपुरी आहे. तोच अँटिव्हायरस पुन्हा बसवून रीतसर काढावा किंवा कंपनीचे साधन पुन्हा चालवावे.

विंडोज ८ पासून पुढे डिफेंडर हा पूर्ण अँटिव्हायरस आहे. दुसरा बसला की तो बाजूला होतो, दुसरा गेला की स्वतःहून कामाला लागतो. विंडोज सिक्युरिटी उघडून ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’खाली ‘रिअल टाइम प्रोटेक्शन’ चालू झाल्याचे डोळ्यांनी पाहावे, अद्ययावत करण्याचे बटण दाबावे आणि एक झटपट तपासणी करून घ्यावी. विंडोज ७ मध्ये मात्र डिफेंडर केवळ हेरगिरी करणारे प्रोग्रॅम पकडत असे, त्यामुळे तसा जुना संगणक अजून वापरात असेल तर पर्याय हाताशी नसताना अँटिव्हायरस काढू नये. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यावर डिफेंडरच्या व्हायरस ओळखण्याच्या याद्या अजून येत असल्या तरी त्या प्रणालीतली भोके बुजवत नाहीत.

काढल्यावर इंटरनेट चालेनासे झाले तर सेटिंग्जमधल्या ‘नेटवर्क अँड इंटरनेट’मध्ये आधी ‘प्रॉक्सी’, म्हणजे इंटरनेटची वाहतूक ज्या मध्यस्थामार्फत जाते त्याची नोंद, उघडून तिथे आपण न भरलेला पत्ता आहे का ते पाहावे. तसे नसेल तर ‘नेटवर्क रीसेट’ करावे. यात जतन केलेले वायफायचे पासवर्ड जातात, ते पुन्हा भरावे लागतात.

मॅकवर प्रोग्रॅमचे चिन्ह कचरापेटीत ओढून काम भागत नाही, कारण अँटिव्हायरसचे सिस्टम एक्स्टेन्शन आणि मागे चालणाऱ्या सेवा राहू शकतात. तिथे प्रोग्रॅमच्याच मेनूमधला किंवा मूळ डिस्क इमेजमधला अनइन्स्टॉलर चालवावा. मॅकमध्ये एक्सप्रोटेक्ट ही अंगभूत तपासणी असतेच, ती वेगळी चालू करावी लागत नाही.

सर्व काही सुरळीत चालले की आठवडाभराने काढणीच्या साधनाची फाइल पुसून टाकावी. आणि वर्गणीचे नूतनीकरण ज्या महिन्यात व्हायचे होते, त्या महिन्याचे कार्डाचे विवरणपत्र एकदा उघडून पाहावे.