बँडमध्ये 'बघतो' म्हणणारा माणूस नको असतो

मी ९ वर्षं ठाण्यातल्या एका हौशी बँडमध्ये बेस गिटार वाजवतोय. हौशी म्हणजे अगदीच हौशी हां, सहा जण, सगळ्यांना नोकऱ्या, दोघांना लहान पोरं, वर्षाला ८-१० कार्यक्रम, त्यातले निम्मे गणपतीत सोसायट्यांमध्ये आणि बाकी कोजागिरी नाहीतर कोणाच्या तरी बाबांची पंच्याहत्तरी. एवढ्या वर्षांत आमच्याकडे ३ गिटारवाले होऊन गेले. त्यातला जो सगळ्यात भारी वाजवायचा तो सगळ्यात आधी गेला, गेला म्हणजे आम्हीच त्याला बोलवायचं बंद केलं. आत्ता जो आहे तो साधा कॉर्ड वाजवणारा माणूस आहे, सोलो सांगितला की घाबरतो, पण त्याला विचारल्याशिवाय आम्ही तारीख घेत नाही. असं का, ते लिहितो. कोणी नवीन नवीन बँडमध्ये शिरत असेल तर कामाला येईल.

पहिली गोष्ट म्हणजे ग्रुपवर तारीख पडली की हो किंवा नाही सांगा. 'बघतो' नको. 'ट्राय करतो' पण नको, आणि वाचून गप्प बसणं तर त्याहून वाईट. माणूस येत नाही याने बँड अडत नाही, तो येतोय का हे कळत नाही याने अडतो. मंगळवारी 'मला शनिवारी जमणार नाही' असं कळलं तर रिहर्सल रविवारी ढकलता येते, किंवा दुसरा कोणीतरी बदली विचारता येतो, किंवा ज्या गाण्यांत तुम्ही नाही ती घेता येतात. शनिवारी दुपारी ३ ला 'सॉरी यार घरी पाहुणे आलेत' आलं की काहीच करता येत नाही, कारण एक जण एव्हाना कोपरखैरण्याहून गिटार घेऊन ट्रेनमध्ये चढलेला असतो. घरी विचारायचं असेल तर तसं लिहा, 'उद्या रात्रीपर्यंत सांगतो', आणि उद्या रात्री खरंच सांगा. आमचा आत्ताचा गिटारवाला हेच करतो. त्याचं 'नाही' बऱ्याच वेळा येतं खरं तर, पण लवकर येतं, त्यामुळे कोणी चिडत नाही.

आता रिहर्सल. इथे लोकांचा मोठा घोळ असतो. तुमचा भाग तुम्ही घरी वाजवता ती प्रॅक्टिस, आणि सहा जणांनी मिळून गाणं बसवायचं ती रिहर्सल. जॅमरूम (भाड्याची सरावाची खोली) तासावर असते, घड्याळ चालू असतं, आणि त्यात एक जण कानाला फोन लावून 'थांबा हां अंतऱ्याच्या आधीचा पीस बघतो' करत बसला की पाच जण भिंतीकडे बघत असतात, आणि सगळ्यांचे पैसे जात असतात. घरी काय करायचं तर गाणं नुसतं ऐकायचं नाही, त्याचा नकाशा काढायचा. सुरुवातीचा पीस किती बार (बार म्हणजे ठेक्याचं एक माप), मुखडा कितीदा, मधला पीस कोण वाजवतो, दुसरा अंतरा पहिल्यासारखाच आहे की चाल बदलते, शेवटी मुखडा दोनदा की तीनदा आणि थांबायचं कुठे. हे एका कागदावर १० मिनिटांत होतं. मी ऐरोलीला जाता येता ट्रेनमध्ये करतो, उभ्या उभ्या, फोनवरच टाइप करून. नंतर गाण्याबरोबर वाजवून बघायचं आणि मग गाणं बंद करून नुसत्या मेट्रोनोमवर, म्हणजे टिक-टिक करून लय देतो त्यावर. ओरिजिनलबरोबर वाजवताना सगळ्यांनाच येतं, तिकडे ड्रमर चुकत नाही ना.

आणि कुठलं व्हर्जन ते आधी ठरवा प्लीज. आमच्याकडे एकदा कीबोर्डवाल्याने जुनं रेकॉर्डिंग ऐकून केलं, ड्रमरने कुठल्या तरी टीव्ही शोमधलं, आणि मी लाइव्ह कॉन्सर्टमधलं. तीन वेगवेगळे पीस. तिघेही आपापल्या जागी बरोबर! अर्धा तास गेला त्यात. तेव्हापासून ग्रुपवर लिंक पडते आणि तीच धरायची.

पट्टीचं, म्हणजे गाणं कुठल्या सुरावरून गायचं त्याचं, पण तसंच. गायक लोक म्हणणार 'माझी काळी चार', आणि गिटारवाला तोंडाकडे बघणार. तर लिहून ठेवा, पांढरी एक म्हणजे सी, तिथून पुढे काळी एक सी शार्प, काळी दोन डी शार्प, काळी तीन एफ शार्प, काळी चार जी शार्प, काळी पाच ए शार्प. काळी चार आली की गिटारवाल्याने पहिल्या फ्रेटला कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावून जी चे शेप धरले की झालं. बेसला कॅपो वगैरे लाड नाहीत, आम्हाला बोटंच सरकवावी लागतात. कीबोर्डवाल्याकडे ट्रान्सपोजचं बटण असतं आणि तेच त्याचा घात करतं, कारण मागच्या गाण्याला अधिक एक केलेलं तसंच राहतं आणि पुढचं गाणं अर्ध्या सुराने वर सुरू होतं. तो कितीही अनुभवी असू दे, गाण्यांच्या यादीत प्रत्येक गाण्याची पट्टी लिहा आणि शेजारच्याने एकदा त्याच्या डिस्प्लेवर नजर टाका. हार्मोनियम असेल तर अजून एक, पेटीचे सूर जाग्यावर फिरवता येत नाहीत, त्यामुळे तुमचा ट्यूनर ४४० (ए सुराचे नेहमीचे हर्ट्झ) दाखवत असला तरी पेटी थोडी इकडे तिकडे असेल तर पेटीलाच धरायचं. पेटीवाल्या काकांशी वाद घालू नका, ते जिंकणार.

वेळेबद्दल सांगताना मला माझीच लाज सांगावी लागेल. गणपतीतला शुक्रवार, घोडबंदर रोडला एका मोठ्या सोसायटीच्या आवारात कार्यक्रम, साडेसातची वेळ, साउंडचेक (कार्यक्रमाआधी सगळ्यांचे आवाज लावून बघणं) साडेपाचला. मी ऑफिसमधून पाचला निघालो, म्हटलं ठाणे स्टेशनला उतरून रिक्षा केली की पोचलोच. ठाण्यात राहून शुक्रवारी संध्याकाळी घोडबंदरच्या रिक्षावर विश्वास ठेवणारा माणूस म्हणजे मी. कापूरबावडीला जो अडकलो तो अडकलोच, पोचलो ७ वाजून १० मिनिटांनी. बेसशिवाय साउंडचेक पूर्ण होत नव्हता, तो होईपर्यंत ८, मग कमिटीची भाषणं, मग रांगोळी स्पर्धेची बक्षिसं, आम्ही सुरू केलं पावणेनऊला. आणि १० ला सेक्रेटरी काकांनी हात वर केला. उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ स्पीकर बंद, २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत, सरकार सणासुदीला काही दिवस १२ पर्यंत सूट देतं पण ते दिवस वर्षाला जास्तीत जास्त १५, आणि त्या दिवशी ती नव्हती. ५ गाणी राहिली. त्यातलं एक आमच्या गायिकेचं होतं, दोन महिने तयार केलेलं, तिची आई ते ऐकायला डोंबिवलीहून आलेली. ती मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर मी कार्यक्रमाच्या दिवशी हाफ डे टाकतो. तुम्हाला शक्य नसेल तर आधीच सांगा, म्हणजे साउंडचेक तुमच्याशिवाय कसा करायचा ते बाकीचे ठरवतील, दुसरा कोणीतरी तुमचं वाद्य वाजवून लेव्हल लावून ठेवेल. आणि रविवारी रिहर्सल असेल तर मेगाब्लॉक शनिवारीच बघा. 'अरे ब्लॉक होता' हे कारण ठाण्यात राहणाऱ्या माणसाने द्यायचं नसतं. वाशी-नेरुळकडून येणाऱ्यांनो, वाद्य मोठं असेल तर सरळ लगेजच्या डब्यात चढा, डब्यात चार लोकांची बोलणी खाऊन आलेला माणूस रिहर्सलला पण तापलेलाच असतो.

बॅगेत काय असावं: आपली केबल आणि अजून एक केबल. तारांचा जास्तीचा सेट. ९ व्होल्टची नवीन बॅटरी, कारण गिटारच्या आतली कधी संपेल ते कळत नाही. एक्स्टेंशन बोर्ड, कारण स्टेजवर पॉइंट नेहमी लांब असतो. काळी चिकटपट्टी, छोटा टॉर्च, यादी मोठ्या अक्षरात छापलेली (फोनवर नको, नेमका तेव्हाच बायकोचा फोन येतो). पावसाळ्यात कचऱ्याच्या मोठ्या काळ्या पिशव्या दोन, गिग बॅगवरून चढवायच्या, दिसतं वाईट पण उपवनच्या पावसात माझा बेस यांनीच वाचवलाय. आणि इअरप्लग. याच्यावर लोक हसतात. ८५ डेसिबलला ८ तास चालतात असं धरलं तर पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे १०० ला फक्त १५ मिनिटं, आणि बंद जॅमरूममध्ये झांजेच्या शेजारी उभं राहिलं की १०० काही लांब नसतं.

त्यावरून आठवलं, आवाज. कुठल्याही बँडमधली निम्मी भांडणं आवाजावरून असतात. एकाला स्वतःचं ऐकू येत नाही म्हणून तो वाढवतो, मग दुसऱ्याला येत नाही, मग तो, शेवटी ड्रमर जोरात मारायला लागतो आणि गायिकेचा घसा बसतो. बऱ्याच वेळा अॅम्प (वाद्याचा स्पीकर) पायाशी जमिनीवर असतो, त्याचा आवाज तुमच्या पोटऱ्यांना लागतो आणि समोरच्याचे कान फोडतो. तो खुर्चीवर ठेवा किंवा मागे तिरपा करून तोंड तुमच्याकडे वळवा, तेवढ्याच आवाजात दुप्पट ऐकू येईल. मॉनिटरमध्ये (स्टेजवर आपल्याकडे तोंड केलेला स्पीकर) 'मला वाढवा' म्हणण्याआधी 'त्यांना कमी करता येईल का' विचारून बघा. आणि साउंडवाल्याला दादा म्हणा, नाव विचारा, चहा आला की पहिला कप त्याला द्या. संध्याकाळभर तुमची अब्रू त्याच्या हातात आहे.

कीबोर्डवाल्या बंधू-भगिनींनो, डावा हात. हे मी बेसवाला म्हणून बोलतोय आणि मी पक्षपाती आहे, पण बेसची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झच्या आसपास असते, तिथे तुम्ही पण डाव्या हाताने जाड जाड वाजवलंत की दोघांचं मिळून नुसतं गुडगुड होतं, गाणं ऐकू येत नाही. घरी एकटे वाजवता तेव्हा डावा हात लागतो, बँडमध्ये तो बराच वेळ मांडीवर ठेवला तरी चालतो. तसंच गिटारचं, गायिका गात असताना प्रत्येक ओळीनंतर मुरकी घ्यायलाच पाहिजे असं नाही. आमचा तो भारी गिटारवाला यावरूनच गेला. दोन गाण्यांच्या मध्ये पण त्याचं टुणटुण चालूच, निवेदन करणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू यायचा नाही. एकदा प्रेमाने सांगितलं, दुसऱ्यांदा स्पष्ट सांगितलं, तिसऱ्यांदा तारीख सांगितलीच नाही.

स्टेजवर चूक होणार, ती काही टळत नाही. झाली की तिच्याकडे बघायचं नाही. म्हणजे चुकलेल्या माणसाकडे वळून बघायचं नाही, हसायचं नाही, तोंड वाकडं करायचं नाही, लोकांना कळतच नाही हो काय चुकलं ते, तुमचा चेहरा बघून कळतं. गायक एक बार आधी अंतऱ्यावर आला तर सगळ्यांनी उडी मारून त्याच्याबरोबर जायचं, गाणं संपेपर्यंत गायक बरोबर. ठेका चालू ठेवणाऱ्याने ठेका सोडायचा नाही, बाकी सगळं परत पकडता येतं. आणि त्या रात्री चुकांचा हिशेब काढायचा नाही, सगळे दमलेले असतात, भूक लागलेली असते. रेकॉर्डिंग दोन दिवसांनी ऐका, आधी आपल्या चुका काढा, मग बोला. आम्ही हे बोलणं पुढच्या रविवारी रिहर्सलनंतर मिसळ खाताना करतो, तोंड भाजत असलं की माणूस कमी बोलतो.

पैसे: रूमचं भाडं सहा जणांत, न येणाऱ्याने पण द्यायचं, आणि त्याच दिवशी द्यायचं. जो हिशेब ठेवतो त्याला मागायला लावू नका, चाळीस रुपयांसाठी तीनदा मेसेज करणं त्याला तुमच्यापेक्षा जास्त लाजिरवाणं असतं.

सामान: ड्रमर सगळ्यात आधी येतो आणि सगळ्यात शेवटी जातो. स्टँडची बॅग उचलून बघा एकदा, मग कळेल. आपलं वाद्य भरून झालं की त्याच्याकडे जाऊन विचारायचं काय उचलू. गायकांनो, तुमच्याकडे तर काहीच सामान नसतं, केबल गुंडाळायला शिका, कोपरावरून पिळून नाही, सैल गोल गोल.

आणि कधी सोडायचं झालं तर नीट सोडा. बदली होते, बाळ होतं, कधी नुसता कंटाळा पण येतो, त्यात काही पाप नाही. पण घेतलेल्या तारखा पूर्ण करा, दोन महिने आधी सांगा, आणि तुमच्या डोक्यात जे आहे ते पुढच्याला द्या. आमचा पहिला ड्रमर पुण्याला गेला तेव्हा त्याने एक वही ठेवली, शाळेची असते तसली, ६० गाणी, प्रत्येकाची लय, उचल कुठे, थांबायचं कुठे. नवीन मुलगा आला त्याने सरळ ती उघडून वाजवायला सुरुवात केली. एका गाण्यापुढे लिहिलंय, 'लय ११८. पण ११४ नेच सुरू कर, बेसवाला घाई करतो.' मला हे चार वर्षांनी कळलं.